जर्नल्स गाडीत का पूर्ण झाली?

"मावशी, सांगलीहून लिहितेय. माझा मोठा मुलगा 19 चा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला आणि घरी आल्या आल्या वाद घातला की गोव्यात 18 ला चालतं मग आपल्याकडे बिअरला 21 आणि बाकीच्याला 25 कशाला, 18 ला मत देता येतं तर मग हे का नाही. मला वाटलं मिस्टर झापतील, तर ते म्हणाले बरोबर बोलतोय, वय कमीच करायला पाहिजे, बाहेर चोरून घेण्यापेक्षा माझ्यासमोर बसून घे. मी चिडले तर दोघंही हसले. तेव्हापासून मी दोघांशी बोलत नाहीये. मिस्टर तसे सज्जन आहेत, फक्त शनिवारी मित्रांबरोबर बायपासच्या हॉटेलात बसतात, भांडण नाही तंटा नाही, आणि पिऊन कधी गाडी चालवत नाहीत, दहावीपासून मोठाच त्यांना घेऊन यायचा. इतका गुणी की बारावीची जर्नल्स त्याने तिथे गाडीत बसून पूर्ण केली. धाकटा नववीत आहे, त्यालाही गाडीची भारी हौस. तुम्हीच सांगा, वय कमी करावं का आणि आमच्यात बरोबर कोण?"

अगं, तू वयाबद्दल विचारलंस आणि मी मात्र त्या जर्नल्सपाशीच अडकले. पुढचं वाचायचं म्हणून वाचलं, पण डोक्यात तेच, की पोराने प्रॅक्टिकलची जर्नल्स हॉटेलच्या पार्किंगमध्ये का लिहिली असतील. तू ते कौतुकाने लिहिलंयस, हे मला जास्त टोचलं.

ते पार्किंग मला न बघता दिसतंय. काच खाली केली तर डास, वर केली तर उकाडा, आतला लाइट लावला तर बॅटरी उतरेल म्हणून मोबाईलचा टॉर्च दातात धरून टायट्रेशनची रीडिंग्ज उतरवून काढतोय, मधे एखादा काका येऊन काचेवर टकटक करून "झालंच रे बाळा, दहा मिनिटं" म्हणून जातोय आणि ती दहा मिनिटं साडेअकरापर्यंत चाललीयेत, वेटर बिचारा कागदी प्लेटमध्ये काहीतरी चायनीज आणून देतोय. दहावी ते बारावी, तीन वर्षं. पंधरा-सोळाव्या वर्षी. म्हणजे लायसन्स नाही, अगं लर्निंगसुद्धा नाही, आणि शेजारी तर्र झालेला बाप, आणि तू घरी जागी. किल्ली त्याच्या हातात कोणी दिली? मिस्टर तर आधीच हॉटेलात होते. ती तू दिलीस.

रागावू नकोस, रागावलीस तरी हरकत नाही.

आता वयाचं आधी उरकते, नाहीतर म्हणशील मावशीने प्रश्नच टाळला. पोराचे आकडे बरोबर आहेत. गोवा 18, आपल्याकडे 21 आणि 25. दिल्लीत 25 आहे, 2021 ला तिथल्या सरकारने 21 करायची घोषणा केली होती, हरियाणाने त्याच वर्षी 25 चं 21 केलं, आणि केरळने उलट 2017 ला 21 चं 23 करून ठेवलं. म्हणजे दर राज्यात माणूस वेगळ्या वर्षी शहाणा होतो. मला विचारशील तर 25 हा आकडा कागदावरच आहे, सरसकट 21 ठेवा आणि तेवढं तरी नीट पाळा. मत 18 ला देता येतं हा मुद्दा त्याला फार मोठा वाटत असेल तर सांग की मुलाला लग्न अजून 21 लाच करता येतं, त्याबद्दल नाही कोणी मोर्चा काढत. आणि मिस्टरांना कायद्याची एवढी चाड असेल तर आपल्या राज्यात 25 च्या पुढच्यालाही प्यायला परवाना लागतो, तो त्यांच्या पाकिटात आहे का तेवढं विचार. एक दिवसाचा पाच रुपयाला मिळतो.

पण हा वाद जिथे सगळ्यात जोरात झाला त्या अमेरिकेचं ऐक, कारण तिथे तो शेवटी गाडीपाशीच येऊन थांबला. 1971 ला तिथे मतदानाचं वय 18 झालं आणि मग बऱ्याच राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं, तुझ्या पोराचाच मुद्दा, अगदी तोच. झालं काय, की पोरं शेजारच्या राज्यात, जिथे वय कमी तिथे, जाऊन प्यायची आणि मध्यरात्री गाडी हाकत घरी यायची, आणि मरायची आणि मारायची. 1984 ला त्यांच्या केंद्र सरकारने कायदा केला की जे राज्य वय 21 ठेवणार नाही त्याच्या रस्त्यांच्या पैशाला कात्री. यामागे जोर लावणाऱ्यांत एक आई होती, कँडी लाइटनर. 1980 ला कॅलिफोर्नियात तिच्या 13 वर्षांच्या मुलीला पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवलं आणि तिने आयांची संघटनाच उभी केली. उडवणारा कोणी कॉलेजचा पोरगा नव्हता हं, चांगला मोठा बाप्या होता. पुढे 2008 ला शंभरावर कॉलेजांच्या प्रमुखांनी सह्या करून म्हटलं की 21 चा पुन्हा विचार करा, पोरं लपून जास्तच पितात. हा तुझ्या मिस्टरांचा मुद्दा. म्हणजे बापलेक दोघंही काही नवीन बोललेले नाहीत, तू उगाच दबलीस.

लांब कशाला, मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. चालवणारा 17 चा, आधी पबमध्ये पिऊन आलेला असं पोलिसांचं म्हणणं, आणि त्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. वयाचा कायदा तिथेही होताच की. गाडी घरची होती.

म्हणून सांगते, तुझ्या पोराला बिअर नकोय. म्हणजे हवी असेलही, 19 चा आहे. पण तीन वर्षं जो काचेबाहेरून बापाची मैफल बघत बसला, तो आता म्हणतोय मला आत येऊन बसू द्या. आणि बाप म्हणाला ये. मोठा झालास म्हणजे काय, तर ड्रायव्हर होतास तो आता गिऱ्हाईक झालास, एवढीच बढती आहे त्या घरात. तुला कायदा अठराचा की एकविसाचा याची चिंता पडलीय, मला वेगळाच हिशोब सुचतोय. मोठा गेल्या वर्षीपासून पुण्यात आहे. मग गेलं वर्षभर दर शनिवारी मिस्टरांना कोण आणतंय?

ते तू लिहिलंच नाहीस. "धाकट्याला गाडीची हौस" एवढंच लिहिलंयस.

नववीतला पोरगा. चौदा-पंधराचा. 2019 ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हापासून असं पोरगं गाडीसकट सापडलं तर आईबापाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही. 25. मिस्टरांना ज्या आकड्याचा एवढा राग येतो तोच. पण कायद्याला घाबरून नको करूस, मोठ्याची तीन वर्षं आठवून कर.

अबोला सोड, काही उपयोग नाही त्याचा, ते दोघं हसतायत. भाषण देऊ नकोस, कायद्याची कात्रणं पुढे ठेवू नकोस, वयावर एक शब्द बोलू नकोस. शनिवारी संध्याकाळी मिस्टर निघाले की दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढ आणि तुझ्या पर्समध्ये टाक, डुप्लिकेट असेल तर तीही. धाकट्याला जेवायला वाढ आणि वेळेवर झोपायला पाठव. मोठा घरी असेल तर त्याला जवळ बसवून विचार की गाडीत कुठलं जर्नल लिहिलंस रे, फिजिक्सचं की केमिस्ट्रीचं, आणि तो सांगेल तेवढं ऐक, मधे "गुणी बाळ" म्हणू नकोस.

अकराला फोन येईल, पाठव गं त्याला. म्हणायचं, कोणी येणार नाही, रिक्षा करून या. चिडतील, मित्रांसमोर अपमान झाला म्हणतील, होऊ दे. आणि फोन ठेवून दे. बायपासवरून रात्रीचा रिक्षावाला हाफ रिटर्न मागेल. देतील.