बॉक्स्टर घेताय? आधी बंपर उघडा

प्रश्न : मुंबईतली 2014 ची पोर्शे बॉक्स्टर घ्यायचीय. मीटरवर 18,000 किलोमीटर आहेत. आमचा नेहमीचा मेकॅनिक तपासून देईन म्हणतो. मग तज्ज्ञ डीलरला वेगळे पैसे कशाला मोजायचे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तुमचा मेकॅनिक हुशार असेलही, पण या गाडीचं इंजिन सीटच्या मागे असतं; बॉनेट उघडलं की दिसते फक्त डिकी. तज्ज्ञ डीलर आधी कंपनीचा स्कॅनर लावून इंजिन किती तास चाललं ते बघतो. समजा 1,200 तास निघाले, तर सरासरी येते ताशी 15 किलोमीटर. मुंबईची कोंडी धरली तरी हे जरा कमीच. मीटर मागे फिरवलंय का, हे सर्व्हिसच्या जुन्या बिलांवरून ताडून पाहायचं.

दुसरी जागा पुढच्या बंपरमागची. रेडिएटर तिथे दोन्ही कोपऱ्यांत असतात, त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर. जाळीतून पाला, धूळ आत जाते, ओल धरते आणि कंडेन्सर गंजून गळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर गेला की मगच ते कळतं! बंपर उतरवूनच साफ करावं लागतं. बाहेरून पाण्याचा फवारा मारणं म्हणजे वरवरची मलमपट्टी.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा : 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी असं रबर कडक झालेलं असतं. ते घालून समृद्धीवर जाऊ नका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललंय का, तेही विचारा.

आणि डीलर विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.