साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचं एवढं नाव कशामुळे आहे? एकट्या बाबासाहेबांमुळेच का?

मी सातारचाच आहे त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही. एकट्या बाबासाहेबांमुळे असं म्हटलं तर ते खोटं नाही, पण त्यात शाळेची अर्धी गोष्ट राहून जाते. बाबासाहेब याच शाळेत का येऊ शकले, हे कळलं की तिचं नाव का आहे ते आपोआप कळतं.

आधी शाळा कसली ते बघा. ही कुठल्या संस्थेची शाळा नाही, ही सरकारी. इंग्रजांच्या काळात साधारण प्रत्येक जिल्ह्याच्या गावी सरकारचं एक हायस्कूल असायचं, साताऱ्यात ते ‘सातारा हायस्कूल’, भरायचं राजवाड्यात. आमच्या घरात जुनी माणसं नुसतं ‘हायस्कूल’ म्हणायची, गावात नंतर कितीही शाळा निघाल्या तरी हायस्कूल म्हणजे तेच. मुलाला हायस्कूलात घातलं म्हणजे आता तो मामलेदार कचेरीत तरी चिकटणार असं लोक धरूनच चालायचे, इतका त्या शब्दाला मान होता.

आता प्रतापसिंहांचं नाव कसं, तर छत्रपती प्रतापसिंह महाराज 1808 ला गादीवर आले पण खरा कारभार हातात आला तो 1818 ला पेशवाई बुडाल्यानंतरच, तोही इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारात नेमलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, नजरेखाली. माणूस शिक्षणाचं वेड असलेला. स्वतः शिकायची आवड, साताऱ्यात पाठशाळा काढली, छापखाना आणला, रस्ते केले. इंग्रजांशी बिनसलं आणि 1839 ला त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं, तिकडेच 1847 ला वारले. त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं बसले होते, काही उपयोग झाला नाही. पुढे 1848 ला डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थानच खालसा केलं आणि राजवाडे सरकारकडे गेले. तर ज्या राजाला कंपनीने घालवलं त्याच्या राजवाड्यात इंग्रज सरकारची शाळा भरायला लागली आणि आज त्या शाळेला त्याच राजाचं नाव आहे. मला हे नाव अगदी योग्य वाटतं.

पण मुद्दा ‘सरकारी’ या शब्दाचा आहे, तिथे जरा थांबतो. 1856 साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलं, सरकारने तेव्हा कच खाल्ली, बाकीची मुलं शाळा सोडतील म्हणून. पण वाद थेट विलायतेपर्यंत पोचला आणि नंतर धोरण म्हणून असं ठरलं की सरकारच्या पैशावर चालणारी शाळा सगळ्या जातींना खुली. 1882 च्या हंटर कमिशननेही, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगानेही, तेच तत्त्व परत मान्य केलं. महात्मा फुल्यांनी याच कमिशनपुढे निवेदन देऊन सांगितलं होतं की शेतसारा भरतो गरीब शेतकरी आणि सरकारचा शिक्षणावरचा पैसा जातो वरच्यांच्या पोरांवर. हे सगळं कागदावरचं, गावोगावी काय चालायचं ते वेगळंच. पण कागदावर तरी दार उघडं होतं, आणि साताऱ्यात ते दार एका सुभेदाराने वापरलं.

हे सुभेदार म्हणजे बाबासाहेबांचे वडील रामजी, ते लष्करातून निवृत्त झाल्यावर नोकरीनिमित्त साताऱ्यात आले. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच 1896 ला वारल्या, त्यांचं स्मारक इथेच आहे. आणि 7 नोव्हेंबर 1900 ला धाकट्या मुलाचं नाव हायस्कूलात घातलं, इंग्रजी पहिलीत. तेव्हा चार वर्षं मराठी शाळा आणि मग इंग्रजी पहिली अशी पद्धत होती, म्हणजे आजची साधारण पाचवी धरा. रजिस्टरला नाव आहे भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक 1914, समोर भिवाची सही. या 1914 वरून लोकांचा फार गोंधळ होतो, व्हॉट्सॲपवर तर ‘बाबासाहेबांनी 1914 ला शाळेत प्रवेश घेतला’ असं फिरत असतं. ते साल नाही, तो नोंदीचा क्रमांक आहे. 1914 ला बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते!

आता शाळेत त्यांना वागणूक काय मिळाली हेही सांगायला पाहिजे, नाहीतर नुसतं कौतुक करून आपण मोकळे होतो. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात बाकीच्या मुलांत बसायचं नाही, कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला गोणपाट घरून आणायचं, संध्याकाळी परत घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा माणूससुद्धा त्या गोणपाटाला हात लावणार नाही. पाणी प्यायचं तर नळ शिपायाने सोडायचा, शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर, तहान लागलीय आणि समोर नळ आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या नळापेक्षा ते रोज काखेत घेऊन जायचं गोणपाट जास्त लागलं, कारण ते घरी ठेवून विसरताच येत नाही, रोज सकाळी परत उचलायचंच.

आणि त्याच शाळेतली दुसरी आठवणही त्यांनीच सांगितलीय. आंबेडकर आडनावाचे एक मास्तर होते. मधल्या सुट्टीत भिवा जेवायला लांब घरी जायचा, मास्तरांना ते आवडायचं नाही, मग ते स्वतःच्या डब्यातली भाजीभाकरी रोज त्याला द्यायला लागले. द्यायचे तीही वरून हातावर टाकून, म्हणजे शिवाशिव पाळूनच. तरी त्या भाकरीची चव बाबासाहेब आयुष्यभर विसरले नाहीत. मला या शाळेबद्दल कुणी विचारलं तर मी या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो. काहीजण फक्त मास्तरांची भाकरी सांगतात आणि शाळा किती थोर होती म्हणतात, ते मला पटत नाही. शाळेने त्यांना प्रवेश दिला पण बाकी मुलांच्या शेजारची जागा दिली नाही.

पुढे 1904 च्या सुमाराला कुटुंब मुंबईला गेलं, ते एल्फिन्स्टन हायस्कूलात गेले आणि 1907 ला मॅट्रिक झाले. तीही सरकारीच शाळा हं, आणि तिथेही फळ्यावर गणित सोडवायला उठले तर मुलं फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला धावली होती.

साताऱ्यातले कार्यकर्ते 7 नोव्हेंबर हा ‘शाळा प्रवेश दिन’ म्हणून आधीपासून साजरा करत होते, ऑक्टोबर 2017 मध्ये शासनाने निर्णय काढला आणि आता तो राज्यभर ‘विद्यार्थी दिवस’ असतो. मोठ्या माणसाची जयंती-पुण्यतिथी सगळीकडेच असते, पण कुणाचं तरी शाळेत नाव घातलं तो दिवस राज्यभर साजरा होतो, हे फारसं कुठे दिसत नाही. शाळेचं नाव खरं गावोगावी पोचलं ते यामुळे.

आत्ताच्या प्रतिष्ठेबद्दल म्हणाल तर शाळा आता जिल्हा परिषदेकडे आहे आणि जिल्हा परिषदेचं म्हटलं की लोक नाक मुरडतात, हे बरोबर नाही. एक लक्षात घ्या, आपल्याकडे प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या असतात पण माध्यमिक शाळा बहुतेक खासगी संस्थांच्या, अनुदानावर चालणाऱ्या. साताऱ्यातच बघा ना, कर्मवीर भाऊरावांनी 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्याला आणली, आणि खेड्यापाड्यातल्या पोरांना हायस्कूल दाखवलं ते मुख्यतः रयतने. म्हणजे जे काम सरकारी हायस्कूल एकटं करत होतं ते वाटलं गेलं, मग इंग्रजी माध्यम आलं, आणि जुनी सरकारी हायस्कूलं मागे पडली. यात मास्तरांचा दोष काढण्यात अर्थ नाही, ज्यांना परवडतं ते पालकच निघून गेले. आता तिथे जी मुलं येतात ती ज्यांना दुसरीकडे फी भरणं जमत नाही अशा घरातली जास्त, आणि माझ्या मते सरकारी शाळा असते ती त्यांच्यासाठीच. अशा शाळेचा दहावीचा टक्का लाखभर फी घेणाऱ्या शाळेशेजारी मांडून नंबर लावणं मला अन्यायाचं वाटतं.

तुम्ही बघायला येणार असाल तर राजवाड्याजवळ गोलबागेपाशी कुणालाही विचारा, सांगतील. 7 नोव्हेंबरला आलात तर उत्तम, फक्त त्या दिवशी गर्दी असते तेव्हा सकाळी लवकर या.