मेलबर्नमध्ये इथलंच पिकलेलं स्वस्त पडेल का?

दादा, तुम्ही विचारलंय की मेलबर्नला आल्यावर इथलंच पिकलेलं घेतलं तर महिन्याचा खर्च आटोक्यात राहील ना, कारण बाहेरून आलेलं महागच असणार. थोडं उलटंच आहे.

माल किती लांबून आला यापेक्षा तो हाताने तोडला की यंत्राने काढला, यावर इथे भाव ठरतो. बटाटा, गाजर, कांदा, दूध, कणीक सगळं इथलं आणि परवडणारं. मसूर तर याच व्हिक्टोरिया राज्याच्या विमेरा भागात हार्वेस्टरने काढतात. ती तुरीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून आमच्या घरी आमटी बहुतेक मसुरीचीच.

भेंडी, गवार, मेथीचं तसं नाही, ती हाताने तोडावी लागते. जुलै २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, हंगामी मजुराला त्यावर आणखी २५ टक्के. उक्त्या तोडणीला पूर्वी किमान कमाईची हमी नव्हती, एप्रिल २०२२ पासून तीही आली. झालं ते योग्यच, पण ताज्या भेंडीचा भाव बघून हात मागे येतो. मग भारतीय दुकानातली, आपल्याकडूनच आलेली गोठवलेली भेंडी घ्यायची. भाजीला थोडी बुळबुळीत, पण चालते. इथला लसूण चिनी लसणाच्या दोन-तीन पट. टोमॅटोचा इटालियन डबाही इथल्यापेक्षा स्वस्त. २०१४ मध्ये सरकारने त्यावर डंपिंगविरोधी शुल्क, म्हणजे बाहेरून पडत्या भावात येणाऱ्या मालावरचा जादा कर, लावलं, तरीही.

केळ्यांची गोष्ट वेगळी. रोगांच्या भीतीने नियम इतके कडक की ताजी केळी बाहेरून येतच नाहीत. नव्वद टक्क्यांहून जास्त पीक उत्तर क्वीन्सलँडचं. तिथे २००६ मध्ये लॅरी आणि २०११ मध्ये यासी वादळ आलं, तेव्हा किलोचा भाव १२ डॉलरच्या वर गेला होता. एरवी तीन-पाच डॉलरला मिळतात.

आंबा इथला खायचा तर डिसेंबर-जानेवारीत, पेटीने. भारतातला आंबा विकिरण करून, म्हणजे कीड मारायला किरणांचा मारा करून, विमानाने येतो, त्याचा भाव रुपयांत मोजू नका.

पाकिटावर हिरव्या त्रिकोणातला कांगारू आणि खालची पट्टी बघत जा, आतलं किती टक्के इथलं ते कळतं. येताना गोडा मसाला खुशाल आणा, पण देशात शिरताना भरायच्या प्रवेशपत्रावर जाहीर करा. बियाणं आणि ताजा कढीपत्ता मात्र घरीच ठेवा.