हरिणपालनाचा परवाना मिळतो का?

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमची आठ एकर केळी आहे. केळीच्या भावाचा भरवसा राहिला नाही, म्हणून मळ्यात कृषी पर्यटन केंद्र काढून तेथे चितळांच्या दोन-तीन जोड्या ठेवाव्यात, असा विचार आहे. एक गृहस्थ ‘सर्टिफिकेटसह’ जोडी देतो म्हणतात आणि आगाऊ रक्कम मागतात. परवाना कोठे मिळेल? शिवाय, चार दिवसांपूर्वी आमच्या सालदाराला हरभऱ्याच्या शेतात काळविटाचे पाडस सापडले. ते सध्या घरीच आहे. त्याचे काय करावे? (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : पाडसाबद्दल आधी लिहितो. अंक हाती पडेपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून एवढा भाग आपणांस दूरध्वनीवरून अगोदरच कळवला आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 39 नुसार असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याकडे खबर देणे बंधनकारक आहे. आपली मुदत टळून गेली आहे. तरीही आजच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून पाडस त्यांच्या स्वाधीन करावे आणि ते कोठे, केव्हा व कोणाला सापडले हे लेखी देऊन पोच घ्यावी. रात्रीची वेळ असल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. काळवीट या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्याने त्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान 25,000 रुपये दंड आहे.

सालदाराचा हेतू चांगलाच असणार, याबद्दल मला शंका नाही. परंतु काळविटाची मादी पिलाला पिकात किंवा गवतात दडवून चरायला जाते आणि दूध पाजण्यापुरती परत येते. ते एकटे दिसले म्हणजे पोरके झाले, असे नसते. यावल तालुक्यातील एका घरी मी असे पाडस पाहिले आहे. शेळीच्या दाव्याने ते ओसरीच्या खांबाला बांधले होते आणि पितळी भांडे खाली पडताच अशी उसळी घेई की दावे मानेत रुतत असे. घरची माऊली बाटलीने दूध पाजत होती, मायेत काही कमी नव्हते. तरी तिसऱ्या दिवशी ते गेले. पिलू जखमी नसेल, तर हात न लावता कुत्री दूर ठेवून बाजूला होणे हाच त्याचा खरा सांभाळ आहे.

आता परवान्याविषयी. चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा यांपैकी कोणतेही जनावर खाजगी व्यक्तीने व्यवसायासाठी पाळावे, असा परवानाच या कायद्यात नाही. लोकांना दाखवण्यासाठी प्राणी ठेवले की ती जागा कायद्याच्या व्याख्येनुसार प्राणिसंग्रहालय ठरते आणि ते काढण्यापूर्वी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. त्यासाठी बृहत् आराखडा, पशुवैद्यक, प्रशिक्षित कर्मचारी आणि प्रत्येक प्रजातीसाठी ठरलेल्या मापाचे आवार, हे सारे उभे करावे लागते. केळीच्या मळ्याला जोडून करण्याजोगे हे काम नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. सातपुड्यातून उतरलेली हरणे कुंपणात येऊ देऊन फाटक लावून घेण्याचा सल्लाही काही जण देतात. तो मुळीच ऐकू नये, कारण पकडणे, सापळा लावणे आणि त्यासाठी हाकणे या सर्वांचा समावेश कायद्याने ‘शिकार’ या शब्दातच केला आहे.

न्यूझीलंडमधील हरिणपालनाच्या चित्रफिती पाहून अनेक जण विचारणा करतात. तेथे लाल हरीण मूळचे नाही. ते बाहेरून आणले गेले, वाढून उपद्रवी ठरले आणि 1969 मध्ये त्याच्या पालनास कायद्याने वाट मिळाली. आपल्याकडील चितळ हा येथील रानाचाच प्राणी आहे, त्यामुळे ते उदाहरण येथे लागू पडत नाही.

राहिला प्रश्न त्या ‘सर्टिफिकेट’चा. आधीपासून कायदेशीररीत्या ताब्यात असलेल्या वन्यप्राण्यासाठीचे मालकी प्रमाणपत्र ही खरी गोष्ट आहे. 2003 मध्ये लोकांना स्वतःच्या ताब्यातील वन्यप्राणी व त्यांपासूनच्या वस्तू जाहीर करण्यासाठी 180 दिवसांची मुदतही देण्यात आली होती. मात्र कलम 43 नुसार असे प्रमाणपत्र असलेला प्राणीसुद्धा विकता येत नाही किंवा विक्रीस काढता येत नाही. म्हणजे त्या गृहस्थांचा कागद खोटा असो वा खरा, व्यवहार बेकायदाच ठरतो आणि त्यात घेणाराही अडकतो. एक रुपयाही देऊ नये. त्यांनी पाठवलेले संदेश व छायाचित्रे पुसून न टाकता, पाडस सोपवायला जाल तेव्हा त्याच अधिकाऱ्यांना दाखवावीत.