माळावर झाडे लावून लांडगा वाचेल का?

आपला प्रश्न असा आहे की, महाराष्ट्रातील लांडगे कमी होत असतील तर माळरानांवर झाडे लावून त्यांच्यासाठी जंगल का तयार करू नये, आणि आपला लांडगा युरोप-अमेरिकेतील करड्या लांडग्याहून खरोखर निराळा आहे काय. पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते कळण्यापूर्वी मी स्वतःच्या हातांनी चर खणून बसलो आहे.

महाविद्यालयात असताना एका जानेवारीत मामांच्या पुढाकाराने आम्ही तीसेक जण गावच्या गायरानावर श्रमदानाला गेलो होतो. पावसाळ्यात ग्लिरिसिडिया आणि सुबाभळीची रोपे लावायची होती, त्यासाठी आधी सलग समतल चर (उताराला आडवे, पाणी अडवणारे लांब खड्डे) खणायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरांमागून एक म्हातारबा आले आणि ओढ्याच्या काठाकडे काठी दाखवून म्हणाले, “पोरांनो, तिकडं खणू नका. लांडगीनं पिल्लं घातल्यात.” ज्याची कोकरे ती लांडगी उचलत होती, तोच माणूस तिच्यासाठी रदबदली करायला आला होता, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. मामांनी त्यांना चहा दिला आणि समजावले, “बाबा, झाडं मोठी झाली की तिला जंगलच मिळेल की.” सगळे हसले, मीही हसलो.

दुपारी मी एकटाच ओढ्याकडे गेलो. तरवडाच्या झुडपाआड बिळाचे तोंड होते. पुढे उकरलेल्या मातीचा उतरता ओटा, त्यावर पिल्लांच्या पावलांचे रुपयाएवढे ठसे, लोकरीचा एक पुंजका आणि चावून चावून सपाट झालेला कोकराचा खूर. आतून अगदी बारीक कुईकुई ऐकू येत होती. मी परत येऊन कोणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी चर तिथवर पोचला तेव्हा बीळ रिकामे होते. लांडगीने रातोरात पिल्ले हलवली होती. त्या ओढ्यात ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाही.

झाडे मात्र जगली, आणि खरे नुकसान तिथून सुरू झाले. कुसळी, पवना, मारवेल ही गवते उन्हाची आहेत. सावलीखाली ती काही वर्षांत विरून गेली. रोपांसाठी चराईबंदी झाल्याने मेंढ्यांचे कळप दुसरीकडे वळले, गवताबरोबर ससेही गेले. दख्खनचा लांडगा वीस किलोंच्या आसपासचा, सावज हेरून त्याच्यामागे धावणारा प्राणी आहे. त्याला मोकळी नजर आणि धावायला जागा लागते. दाट झाडी ही बिबट्याची सोय आहे.

मामांचा युक्तिवाद आजही असा असतो की, अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 आणि 1996 साली कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले आणि तिथली झाडे परतली, म्हणजे लांडगा आणि झाडे यांचे नाते सिद्ध आहे. हा तर्क उलटा टांगलेला आहे. तिथे लांडगे आधी आले आणि झाडे नंतर परतली, झाडे लावून लांडगे आले नाहीत. तिथे एल्क ही मोठी हरणे विलो आणि अॅस्पेन या झाडांचे कोंभ खुडून टाकत होती, आणि ही हरणे कमी होण्यात लांडग्यांचा वाटा किती व अस्वले, प्यूमा (तिथले मोठे रानमांजर) आणि माणसाने केलेली शिकार यांचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. माळ म्हणजे तोडलेले जंगल, हे मामांचे दुसरे गृहीतक. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील झाडाझुडपांचे उल्लेख तपासून अभ्यासकांनी 2025 मध्ये दाखवले आहे की, पश्चिम महाराष्ट्रातील हा पट्टा तेव्हाही काटेरी झाडांचा आणि गवताचाच होता. सरकारी नोंदीत मात्र तो पडीक ठरतो. त्यामुळे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, असलेला लांडगा ज्या जमिनीवर राहतो, तिला वाली नसतो.

वेगळेपणाविषयी थोडक्यात सांगतो. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1831 मध्ये दख्खनमधूनच या लांडग्याचे वर्णन केले. संपूर्ण जनुकसंचाच्या 2021 मधील अभ्यासानुसार करड्या लांडग्यांच्या वंशवृक्षात भारतीय आणि तिबेटी लांडगा या फार जुन्या फांद्या आहेत, त्यामुळे इथला सुमारे तीन हजारांचा साठा संपला तर तो बाहेरून आणून भरता येणार नाही. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावाही 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांची गुणसूत्रे 78 असतात आणि संकरित पिल्लांनाही पिल्ले होतात. माळ आकसून कळप फुटला की एकट्या लांडगीला जोडीदार मिळत नाही. गावकुत्र्यांना मात्र तोटा नसतो.

सर्वच वृक्षलागवड वाईट असे माझे म्हणणे नाही. सह्याद्रीच्या बोडक्या केलेल्या उतारांवर देशी झाडे जरूर लावावीत. लांडगा उभ्या पिकातही आडोसा शोधतो, तेव्हा एका लागवडीने तो लगेच नाहीसा होतो असेही नाही. आपल्याला काही करायचेच असेल, तर मेलेल्या मेंढीची भरपाई मेंढपाळाला वेळेवर मिळावी यासाठी अर्ज लिहून द्या, आणि कुदळ उचलण्यापूर्वी त्या माळावर मेंढरे चारणाऱ्यांना विचारा. आमच्याकडे तर तो माणूस न विचारता सांगायला आला होता, आणि आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावले.