मूठ वर उचलायला शिकवा

ताई, तुम्ही विचारलंत की अमळनेरहून पोरगी सप्टेंबरात इंग्लंडात लेस्टरला शिकायला चालली आहे, चौघींच्या घरात तिची खोली तळमजल्यावर आहे, चोरीचं भय कितपत? भय आहे. एकाच घरात चार लॅपटॉप मिळतात हे चोराला पाठ असतं. आणि पुष्कळदा त्याला काही फोडावंच लागत नाही.

इथली प्लास्टिकच्या चौकटीची दारं ओढली की खट्ट वाजतात, लागल्यासारखी दिसतात. खरं तर तेव्हा नुसती जीभ अडकलेली असते. मूठ वर उचलली की दाराच्या कडेचे आकडे चौकटीत जातात, मग किल्ली फिरवायची. आपल्याकडं कडी-कोयंडा डोळ्यांना दिसतो. इथं दिसत नाही, म्हणून चूक होते.

कुलपाची नळी, म्हणजे किल्ली जिच्यात घालतात ती, मुठीच्या पट्टीबाहेर 3 मिलिमीटरहून जास्त आलेली असेल तर ती पकडून मोडता येते. टीएस 007 हे कुलपाच्या मजबुतीचं इथलं मानक, ते आणि तीन तारे छापलेली नळी घ्या. बदलायला दाराच्या कडेचा एकच स्क्रू काढायचा, किल्ली किंचित तिरकी करून नळी ओढायची. माप त्या स्क्रूपासून आत-बाहेर वेगवेगळं घ्यायचं: बाहेर 35, आत 45 हवी तिथं उलटी नळी बसवली की ती पुन्हा बाहेर डोकावते. मालकाला आधी ईमेल करा, नाहीतर अनामतीतून पैसे कापेल. खोलीचं कुलूप आतून खटक्यानं उघडणारं हवं, आग लागली तर किल्ली कोण शोधणार?

बॅगेत बिबडे खुशाल द्या, सोनं नको. जळगावची शुद्धता चोरालाही कळते. दिवाळीच्या सुमारास इथले पोलीस भारतीय घरांना सोन्याबद्दल बजावतात.

विम्याचे फॉर्म म्हणजे डोक्याला ताप. कितीतरी पॉलिसींत दार फोडल्याची खूण नसेल तर दावा फेटाळतात. म्हणजे मूठ उचलायला विसरली मैत्रीण, लॅपटॉप गेला तुमच्या लेकीचा! लॅपटॉपचा सिरीयल नंबर, *#06# दाबून येणारा मोबाईलचा आयएमईआय (त्याचा ओळख क्रमांक) आणि बिलांचे फोटो तुमच्याकडंही ठेवा. इमोबिलाइज या वेबसाइटवर आपल्या वस्तूंची नोंदणी फुकट होते. पोलिसांना फोन करायचा तर चोर घरात असेल तेव्हा 999, नंतर कळलं तर 101. गुन्ह्याचा क्रमांक मागून घ्यायचा, त्याशिवाय विमावाले पुढचं बोलत नाहीत.

एकटेपणाचं विचारलंत. सवय होते, असं सगळे सांगतात. मीही सांगते.

पोचल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बाहेरचं दार लावून दाखव म्हणा. मूठ उचलते का, तेवढं बघा.