कोण म्हणतो ते लिही

पोरा,

परवा तू वही मिटून उठलास तेव्हा तुझं तोंड बघवेना. तीन म्हाताऱ्यांनी आपल्या तालमीच्या पहिल्या फुटबॉल टीमची तीन वेगवेगळी सालं सांगितली. वर कमिटीतल्या कुणीतरी दम भरला, मारामारीचं प्रकरण स्मरणिकेत नको. 'मग लिहू तरी काय?' म्हणालास. मी चहा सांगून विषय बदलला.

तिन्ही सालं लिही. प्रत्येकापुढं कोण म्हणतो ते लिही. मधलं एखादं धरून मोकळा होऊ नकोस.

कोल्हापुरात फुटबॉल क्लबला तालीम का म्हणतात, हे पुण्याचा माणूससुद्धा विचारतो. शाहू महाराजांनी कुस्ती पोसली, पेठापेठांत तालमी घुमल्या, आणि त्याच तालमींची पोरं पुढं लाल मातीतून उठून बॉलमागं धावली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, नावं ऐकली तरी कुस्तीच्या हौदातल्या मातीचा वास येतो. 1940 ला कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली. हे गावाला पाठ आहे, चार ओळींत उरक. शाहू स्टेडियमवरच्या गर्दीचं वर्णन तर करूच नकोस, प्रत्येक स्मरणिकेत तेच असतं.

जागा ठेवायची ती दुसऱ्या गोष्टींना. बॉल रात्री कुणाच्या घरी असायचा? बॉलच्या आतला ब्लॅडर फुटला की कोण सांधायचं? बुटाच्या तळाला चामड्याचे स्टड कोण ठोकून द्यायचं आणि त्याचे पैसे राहिले किती? हे सांगणारी दोन-तीनच माणसं उरलीत आणि तू त्यांना सोडून फोटो गोळा करत फिरतोयस! फोटोमागं नावं नसतील तर तो फोटो काय चाटायचाय? आधी माणसं गाठ. ऐकलंस ते त्याच रात्री उतरव, खाली तारीख घाल, आणि कोण म्हणतो ते लिही. सामन्यांचे निकाल मात्र कुणाच्या तोंडून घेऊ नकोस. करवीर नगर वाचन मंदिरात जा, 'पुढारी'चे जुने अंक कुठं बघायला मिळतील ते विचार. म्हातारा माणूस स्वतःचा गोल दरवर्षी दोन यार्ड लांबून मारतो. मीही मारतो.

हरलेले सामने गाळायचे का, हेही विचारलं होतंस. 2017 ला आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. हे आकडे जगभर नोंदलेत. म्हणून अनिकेतची मान खाली गेली का? आणि आपण पेठेतल्या पेठेत खाल्लेले चार गोल दडवून बसायचं!

आता मारामारीचं.

आमच्या जुन्या नोंदवह्या ऑगस्ट 2019 च्या पुरात गेल्या, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे. पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली, पलंगाखालची ट्रंक आम्ही नवव्या दिवशी उघडली तेव्हा आत लगदा होता. ट्रंक माळ्यावर टाकायला पाच मिनिटं लागली असती. पण तुला हवं ते पान पुरात गेलेलं नाही. ते मी फार आधी फाडलं होतं.

सामना अर्ध्यात थांबला, पंचाला लागलं, आपली टीम हंगामभर बाद झाली. वहीत तीन पोरांची नावं होती. त्यातल्या दोघांचे नोकरीचे अर्ज गेले होते, पोलिसांची चौकशी व्हायची होती. त्यांची आई माझ्या दारात येऊन बसली. सेक्रेटरी मी होतो. तू काय केलं असतंस? पुढं दोघंही इमानानं नोकरी करून निवृत्त झाले. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं, हे मी इतक्यांदा घोकलंय की आता माझं मलाच खरं वाटत नाही.

तेव्हा प्रकरण घाल. त्या पोरांची नावं नकोत. पान सेक्रेटरीनं फाडलं हे घाल, आणि त्या सेक्रेटरीचं नाव घाल. कमिटी ओरडली तर माझ्याकडं पाठव.

आणि हो, ती भांडणं आपल्या पोरांनी सुरू केली नव्हती. पंचाचा ऑफसाइड साफ चूक होता, मी लायनीलाच उभा होतो. तेही लिही. पुढं कोण म्हणतो ते लिही.